पेरूजा, त्राझिमेनोचं तळं आणि माणगावचा पुतळा

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर, लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी. मागे भुंकणारा कुत्रा कापून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात इटलीतून नाही, माणगावातून करतो. मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकला नाही असा कोकणातला माणूस शोधून दाखवा. गणपतीला गावी जाताना आमची गाडी लहानपणापासून तिथे तासतासभर उभी राहायची. बाबा दर वेळी तहसील कचेरीच्या दिशेनं हात करून म्हणायचे, "तिकडे घाडग्यांचा पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉसवाले." मी "हो हो" म्हणायचो आणि परत फोनमध्ये. बीटेक झालं, नोकरी लागली, पण तो पुतळा एकदाही उतरून पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी कामासाठी तीन महिने मिलानला होतो. चार दिवस सलग सुट्टी मिळाली. मी आणि माझा रूममेट, दोघांनी ठरवलं की रोम-व्हेनिसची गर्दी नको, एखादं जुनं शहर आणि जवळ एखादं तळं बघू. पेरूजा ठरलं. उम्ब्रिया प्रांताचं मुख्य शहर, आणि शेजारी त्राझिमेनो तळं. फॅमिली ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकला. दहा मिनिटांत बाबांचा व्हॉइस मेसेज: "अरे, माणगावचे घाडगे तिथेच कुठेतरी गेले ना? बघ जरा."

हा भाग त्या "बघ जरा"बद्दल आहे.

शहराच्या पोटातलं शहर

पेरूजा डोंगरावर आहे. खाली बस थांबते आणि वर गावात जायला चक्क सरकते जिने आहेत. आपल्याला वाटतं मॉलमध्ये चाललोय. पण जिना मध्येच एका अंधाऱ्या विटांच्या बोगद्यात सोडतो. डोक्यावर प्रचंड कमानी, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, दारं, खिडक्या. खराखुरा रस्ता, फक्त वर आकाश नाही.

ही रोक्का पाओलिना. १५४० मध्ये पोप तिसऱ्या पॉलनं मिठावरचा कर वाढवला आणि पेरूजानं बंड केलं. इतिहासात याला 'मिठाचं युद्ध' म्हणतात. शहर हरलं. मग पोपनं गावावर वचक बसवण्यासाठी किल्ला बांधला, तोही बंडखोर बाल्योनी घराण्याच्या वस्तीवरच. वरचे मजले पाडले, खालची घरं आणि गल्ल्या कमानींनी झाकून किल्ल्याचा पाया केला. इटलीच्या एकीकरणाच्या काळात, १८६० नंतर, लोकांनी किल्ला फोडून काढला. वर आज बाग आहे, म्हातारे बाकावर बसतात. खाली मात्र सोळाव्या शतकाची गल्ली तशीच राहिली आणि तिच्यातून लोक ऑफिसला जातात.

उम्ब्रियातला पाव अळणी असतो. तिथले लोक सांगतात की त्या करामुळे आम्ही मीठच सोडलं. अभ्यासक याला दंतकथा म्हणतात. पण पहिला घास घेतल्यावर रूममेट म्हणाला, "पाचशे वर्षांचा राग आहे, गप्प खा."

आणखी एक गोष्ट पुढे कामाला येईल. शहरात 'बोर्गो वीस जून' नावाचा रस्ता आहे. २० जून १८५९ ला पोपच्या सैन्यानं पेरूजात घुसून कत्तल केली, त्याची ही आठवण. आणि योगायोग बघा, २० जून १९४४ ला याच शहरातून जर्मन सैन्य गेलं आणि ब्रिटिशांची आठवी सेना आत आली. या आठव्या सेनेत कोण कोण होतं, ते जरा वेळानं.

धुक्यातली सकाळ

दुसऱ्या दिवशी तळं. आगगाडी काठाकाठानं जाते. त्राझिमेनो १२८ चौरस किलोमीटर आहे, इटलीतलं चौथं मोठं. आणि खोली? जास्तीत जास्त सहा मीटरच्या आसपास. म्हणजे एवढा विस्तार, पण काठाजवळ माणूस बराच आत चालत जाऊ शकतो. हे लक्षात ठेवा.

पासिन्यानोहून बोटीनं इझोला माज्जोरे बेटावर गेलो. मोजकीच माणसं राहतात, एक गल्ली, मासेमारीची जाळी. दोन तासांत बघून होतं. खरं काम होतं उत्तर काठावर, तुओरो गावाजवळ. तिथे डोंगर आणि पाण्याच्या मधल्या पट्ट्यात इ. स. पूर्व २१७ च्या जूनमध्ये हॅनिबलनं रोमचं अख्खं सैन्य गिळलं. आता तिथे शेतं आहेत आणि लढाईचे टप्पे सांगणारे फलक.

हॅनिबल म्हणजे कार्थेजचा, आजच्या ट्युनिशियातला सेनापती. हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा. त्याच वसंतात आर्नो नदीच्या दलदलीतून येताना त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. मागावर होता रोमचा कॉन्सल गायस फ्लामिनियस. संध्याकाळी तो तळ्यापाशी पोचला. पहाटे पुढे हेर न पाठवताच सैन्य अरुंद वाटेनं आत घातलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि वर धुकं. ज्यांना उंबरखिंड माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फरक इतकाच, की उंबरखिंडीत शरण आलेल्यांना जाऊ दिलं होतं. इथे तसं झालं नाही.

धुकं खाली तळ्यावर दाट होतं, वर डोंगरावर विरळ. म्हणजे हॅनिबलच्या लोकांना एकमेकांचे इशारे दिसत होते आणि रोमनांना शेजारचा माणूस दिसत नव्हता. तीन बाजूंनी हल्ला झाला. रांगा लावायलाही वेळ मिळाला नाही. साधारण तीन तास चाललं. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की त्याच वेळी इटलीत मोठा भूकंप झाला, पण लढणाऱ्यांना तो कळलाच नाही. लिव्हीनं हे जवळपास दोनशे वर्षांनी लिहिलंय, तेव्हा मीठमसाला धरून चाला.

आता उथळ पाणी आठवा. पळायला जागा नव्हती म्हणून शेकडो माणसं तळ्यात शिरली. चिलखतासकट. काही बुडाले. बाकीचे गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहिले, फक्त डोकी वर. घोडेस्वार पाण्यात आले. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. मी काठावर उभा होतो, एक लहान मुलगी गुडघाभर पाण्यात बदकांना पाव टाकत होती, आणि मला ते वाक्य डोक्यातून जाईना.

रोमचे १५,००० मेले. हॅनिबलचे १,५०० ते २,५००. तिथल्या एका ओढ्याचं आणि वस्तीचं नाव आज सांग्विनेतो आहे. म्हणजे रक्ताचा.

तीस जण

इथे माझ्या डोक्यात एक खिळा बसला. पॉलिबियस म्हणतो, लढाईनंतर हॅनिबलनं आपल्यातल्या मानाच्या साधारण तीस मृतांना सन्मानानं पुरलं. तीस. हजारांपैकी. आणि त्याचे जे मेले, त्यात बहुतेक केल्ट होते. म्हणजे कार्थेजचे नव्हतेच. त्याच्या सैन्यात लिबियन होते, नुमिडियन होते, स्पेनमधले होते, उत्तर इटलीतले केल्ट होते. रोम आणि कार्थेजच्या भांडणात तिसऱ्याच गावची पोरं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटाबेसला विचारतो, किती ओळी आहेत? उत्तर येतं १५,०००. झटकन. पण प्रत्येक ओळीत कोण आहे, ते विचारायला वेगळी क्वेरी लागते. इतिहासात बहुतेक वेळा फक्त आकडा उरतो, ओळी पुसलेल्या असतात.

रोममध्ये बातमी पोचली तेव्हा बायका वेशीवर उभ्या होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या माणसाचं विचारत. लिव्ही सांगतो, एकीचा मुलगा अचानक समोर आला आणि तिथेच तिचा प्राण गेला. त्या बाईचंही नाव नाही.

आणखी एक. पकडलेल्यांपैकी जे रोमन नव्हते, इटलीतल्या इतर गावांचे होते, त्यांना हॅनिबलनं खंडणी न घेता सोडलं. म्हणाला, मी तुमच्याशी लढायला आलेलो नाही, तुमच्या स्वातंत्र्यासाठी रोमशी लढतोय. परक्या देशात सैन्य घेऊन आलेला माणूस दुसऱ्याला स्वातंत्र्य देतो, हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं गेलं नसेल. शेवटचंही नव्हतं.

मोंतोने

तिसऱ्या दिवशी भाड्याची गाडी काढली आणि तिबेर नदीच्या खोऱ्यातून उत्तरेला मोंतोनेला गेलो. टेकडीवरचं दगडी गाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं. याच गावच्या घराण्यातला ब्राच्चो फोर्तेब्राच्चो पंधराव्या शतकात पेरूजाचा धनी झाला. त्राझिमेनोचं पाणी वाढून शेतं बुडत म्हणून पाणी बाहेर काढणारा बोगदा त्यानंच खणवला. पण आम्ही त्याच्यासाठी गेलो नव्हतो.

१९४४ च्या उन्हाळ्यात या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन लढत होती. जर्मन टेकड्याटेकड्यांवर मशिनगन लावून एकेक पाऊल मागे सरकत होते. १० जुलैला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी अशाच एका ठाण्यावर चढली. त्यातल्या एका सेक्शनचे प्रमुख होते नाईक यशवंत घाडगे. वय २२.

अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. सेक्शनमधली सगळी माणसं मेली किंवा जखमी होऊन पडली. उभे राहिले फक्त घाडगे. ते सरळ गनवर धावले. आधी हातबॉम्ब टाकला, गन आणि ती चालवणारा गारद. मग टॉमीगननं एकाला मारलं. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. ठाणं घेतलं. आणि तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जे ठाणं एकट्यानं घेतलं, त्यातच ते गेले.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत एकूण २० दिले गेले, त्यातले ६ भारतीय सैनिकांना. त्यात आणखी एक मराठा, नामदेव जाधव, पण ते घरी परत आले. घाडग्यांची कबर कुठे आहे माहीत नाही. त्यांचं नाव मोंते कासिनोजवळच्या स्मारकावर आहे, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत त्यांच्या यादीत. गंमत म्हणा किंवा काय म्हणा, फ्लामिनियसचा देहही सापडला नव्हता. हॅनिबलनं शोधायला माणसं लावली होती तरी.

२०२३ च्या जुलैमध्ये मोंतोनेत घाडग्यांच्या नावानं एक स्मारक झालं. पुतळा नाही, सूर्यघड्याळ. सोबत लॅटिन वाक्य, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. मी तिथे उभा राहिलो आणि पहिल्यांदा मला लाज वाटली. इटलीतल्या एका खेड्यानं ज्या माणसासाठी जागा काढली, त्याच्यासाठी मी हायवेवर गाडीतून मान वळवली नव्हती.

हे आपलं युद्ध होतं का?

रूममेट नागपूरचा, खरं बोलणारा. जेवताना म्हणाला, "पण हे लढले कोणासाठी? इंग्रजांसाठीच ना? इकडे बेचाळीसचे लोक तुरुंगात, आणि हे तिकडे."

प्रश्न बरोबर आहे. १९४४ मध्ये भारत पारतंत्र्यात होता. आपलं गाव स्वतंत्र नाही आणि माणगाव तालुक्यातला पोरगा दुसऱ्यांची गावं सोडवतोय. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. यातले किती मनापासून गेले, किती पगारासाठी, किती घराण्याची रीत म्हणून, हे आकड्यात दिसत नाही. हॅनिबलच्या केल्टांनाही कोणी विचारलं नसेल.

माझ्याकडे त्याला द्यायला एका वाक्याचं उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट कळली. 'इंग्रजांची फौज होती' म्हणून आपण हा माणूस आपल्या इतिहासाच्या पुस्तकातून बाहेर ठेवला, आणि इंग्रजांच्या पुस्तकात तो तळटीपेत राहिला. दोन्हीकडे तो आकडाच. नाझींना त्या खोऱ्यातून हुसकावणं चुकीचं नव्हतं. आपल्याला गुलाम ठेवणाऱ्यांच्या झेंड्याखाली ते करावं लागणं, हे बरोबर नव्हतं. दोन्ही खरं आहे, आणि २२ वर्षांच्या एका पोराला दोन्ही एकाच वेळी जगावं लागलं. बेचाळीसचे लोक आपले, तसा हाही आपला. एकाला आत घ्यायला दुसऱ्याला बाहेर काढायची गरज नाही.

बाबांना फोटो पाठवला. साडेतीन तास पुढे, तिकडे रात्र झाली होती. उत्तर आलं: "छान. आता इथला पण बघ."

या गणपतीला माणगावात नेहमीप्रमाणे गाडी अडकली. मी उतरलो आणि चालत गेलो. पुतळा पाहिला, नाव वाचलं, परत आलो. गाडी जागेवरून हललीही नव्हती.

तुमच्या गावात, एसटी स्टँडजवळ, शाळेपुढे असा एखादा पुतळा किंवा नावांची पाटी असेल. पुढच्या वेळी थांबा, आणि आकडा नाही, नाव वाचा. वाचलंत की आम्हाला व्हॉइस मेसेज करा. चांगली नावं आली तर पुढचा एक भाग त्यांचाच करू.

भेटू लवकरच.