दाखला, पारपत्र आणि चार अक्षरे

रोपांच्या व्यापारातील आरोग्यविषयक चिठ्ठी हा कृषिशास्त्राइतकाच भाषेच्या इतिहासाचाही विषय आहे. तिच्यावरील विधान नेमके कोण करतो, हा प्रश्न युरोपातील नियमांच्या संदर्भात येथे विचारात घ्यावयाचा आहे.

फिलॉक्सेरा किडीने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यावर १८७८ व १८८१ साली बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाले. परदेशी जाणाऱ्या रोपांसोबत पाठविणाऱ्याचे निवेदन व अधिकाऱ्याचा दाखला असावा, असे दुसऱ्या कराराने ठरविले. १९५१ च्या रोम येथील वनस्पती-संरक्षण कराराला तर दाखल्याचा नमुनाच जोडलेला होता. या दाखल्याचा वक्ता शासन होय. त्यात 'तपासले आहे' असे क्रियापद असे.

१९९३ मध्ये युरोपीय समुदायाने अंतर्गत सरहद्दींवरील तपासणी उठविली आणि ठराविक वनस्पतींसाठी 'पारपत्र' आणले. माणसाला पारपत्र सरहद्द ओलांडण्यासाठी लागते. वनस्पतींचे पारपत्र सरहद्दीवरचा पहारा उठल्यावर जन्मास आले, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, ते देण्याची मुभा अधिकृत रोपवाटिकांनाही मिळाली. व्यापारी शासनाच्या वतीने बोलू लागला. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच.

पुढील फेरबदलाचे श्रेय पुष्कळदा झायलेला या जिवाणूला देण्यात येते. २०१३ च्या शरद ऋतूत इटलीतील आपुलिया प्रांतात ऑलिव्हची झाडे वाळविणारा हा जिवाणू आढळला खरा. परंतु नव्या कायद्याचा मसुदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात मांडला गेला होता. संकटाने निकड वाढविली, कल्पना दिली नाही. कायदा २०१६ साली संमत झाला व १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला.

त्यानुसार काही बियाणी वगळता लागवडीच्या प्रत्येक वनस्पतीला व्यापाऱ्यांमधील व्यवहारात पारपत्र आवश्यक झाले. पूर्वी काही मजकूर सोबतच्या कागदावर चाले. आता सारा एका चिठ्ठीवर हवा. ए म्हणजे वनस्पतिशास्त्रीय नाव, बी नोंदणी क्रमांक, सी माग काढण्याचा संकेतांक, डी मूळ देश. 'निरोगी' हा शब्द कोठेच नाही, क्रियापदही नाही. दाखला आश्वासन देत असे, ही चिठ्ठी केवळ पत्ता सांगते. रोग उद्भवल्यास कोणाच्या दारात जावयाचे, एवढेच तीवरून कळावे.

संरक्षित प्रदेशांची खूण पूर्वी लॅटिन शब्दक्रमानुसार 'झेड-पी' अशी होती. ती इंग्रजी क्रमाने 'पी-झेड' झाली. 'वनस्पती-पारपत्र' हे शब्दही इंग्रजीत असणे सक्तीचे ठरले, अन्य भाषा सोबतीला. २०२१ च्या आरंभी ब्रिटनने आपले निराळे पारपत्र सुरू केले. युरोपीय संघाच्या चिठ्ठीवर मात्र इंग्रजी शब्द तसेच राहिले.