ओकमाँटची झाडे

1990च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराजवळच्या ओकमाँट कंट्री क्लबमध्ये उजाडायच्या आत एक काम गुपचूप चाले. गोल्फ मैदानाचे सुपरिंटेंडंट मार्क कुन्स यांची माणसे गाडीच्या दिव्यांच्या उजेडात झाड पाडत, बुंधा यंत्राने जमिनीखालपर्यंत किसून काढत, भुसा गोळा करत, उघड्या पडलेल्या जागेवर तयार हिरवळीचा तुकडा बसवत आणि सभासद यायच्या आत पसार होत. बराच काळ कुणाला पत्ता लागला नाही. पुढे कुणकुण लागली तेव्हा क्लबात दोन तट पडले, कोर्टाची भाषा झाली. पण तोड थांबली नाही, फक्त ती दिवसाढवळ्या होऊ लागली. 2007पर्यंत सुमारे पाच हजार झाडे गेली, आणि आजवरचा एकूण आकडा बारा ते पंधरा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. या सगळ्याला नाव दिले गेले ते जीर्णोद्धाराचे: मैदानाला त्याचे मूळ रूप परत मिळवून द्यायचे. माझ्या मते झाडे काढली हे बरेच झाले. मात्र ‘मूळ रूप’ हे कारण तपासायला घेतले की हातात फारसे काही उरत नाही, आणि या मैदानाच्या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग तिथेच आहे.

हे मैदान पोलादाच्या पैशातून उभे राहिले. हेन्री क्ले फाउन्स हा पिट्सबर्गचा कारखानदार. आपली भट्टी त्याने पोलादसम्राट कार्नेगीच्या कंपनीला विकली आणि प्रौढ वयात गोल्फच्या नादी लागला. 1903मध्ये अलेगनी नदीच्या वरच्या अंगाची शेतजमीन घेऊन दीडशेच्या आसपास मजूर आणि खेचरांच्या जोड्या लावून वर्षभरात त्याने मैदान तयार करून घेतले. 1904मध्ये ते सुरू झाले. फाउन्सने त्याआधी मैदान आखले नव्हते आणि नंतरही कधी आखले नाही. डोळ्यांपुढे नमुना होता स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या मैदानांचा: उघडे रान, वारा, जमिनीचे चढउतार आणि लांबवर जाणारी नजर. पिट्सबर्गला समुद्र नाही आणि जमीन चिकण मातीची, म्हणजे वाळूच्या मैदानाच्या अगदी उलट. तरीही मोकळेपण साधले, कारण शेतजमीन मुळातच उघडी होती. जी झाडे पुढे हजारोंनी पडली, त्यांतली बहुतेक फाउन्सच्या मैदानावर नव्हतीच.

पण म्हणून 1904चे मैदान म्हणजे मूळ रूप, असे म्हणायला जावे तर खुद्द फाउन्स घराणेच आडवे येते. हेन्रीचा मुलगा विल्यम फाउन्स 1910च्या अमेरिकन हौशी गोल्फ स्पर्धेचा विजेता. त्याने मैदानाला चार दशके स्वस्थ बसू दिले नाही. ग्रीनकीपर एमिल लोफलर त्याच्या जोडीला. सांगतात ते असे, की विल्यम खेळ न्याहाळत बसे, आणि एखाद्याचा चेंडू वाळूचा खड्डा सहज ओलांडून गेलेला दिसला की लवकरच त्या टप्प्यावर नवा खड्डा तयार होई. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण एके काळी असे खड्डे, म्हणजे बंकर, साडेतीनशेच्या घरात गेले होते हे लक्षात घेता ती अगदीच हवेतली नाही. चिकण मातीत पाणी मुरत नाही, म्हणून बंकर खोल खणता येईनात. मग शिक्षा कमी पडू नये म्हणून त्यांनी वाळूत सऱ्या पाडल्या. त्यासाठी बनवलेले दाताळे शंभर पौंडांच्या आसपास वजनाचे, दात दोन इंच लांब. नांगरटीसारख्या त्या सरीत चेंडू बसला की पल्ल्याचा फटका विसरायचा, फक्त बाहेर पडायचे. खेळाडूंनी कुरकुर केली, अमेरिकन गोल्फ संघटनेशी वाद झाला आणि पुढे ते दाताळे अडगळीत गेले. तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मधला, गवताच्या समांतर वरंब्यांचा ‘चर्च प्यूज’ नावाचा प्रचंड बंकर आज ओकमाँटची ओळख म्हणून जगभर छापला जातो. तोही 1904मध्ये नव्हता. 1927च्या अमेरिकन ओपन या राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी त्या जागी सुटे बंकर होते, ते नंतर जोडले गेले. तेव्हा मूळ म्हणजे कुठल्या साली? 1904 म्हटले तर चर्च प्यूज बुजवावा लागेल, आणि 1930चे दशक म्हटले तर ते जड दाताळे पुन्हा बाहेर काढावे लागेल. ही दोन्ही कामे करायला कुणी तयार नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे.

झाडांचा अध्याय सुरू झाला तो फाउन्स घराण्याचे वर्चस्व संपल्यानंतर. हर्बर्ट वॉरन विंड या नामवंत गोल्फ-लेखकाने ओकमाँटला कुरूप ठरवले आणि ते क्लबातल्या मंडळींना लागले. दक्षिणेत जॉर्जियातले ऑगस्टा तोवर सौंदर्याचा मापदंड झाले होते. जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर वसलेले, फुलझाडे आणि पाइनच्या रांगांनी नटलेले ते मैदान 1966पासून रंगीत दूरचित्रवाणीवर दिसू लागल्यावर तर गोल्फचे मैदान म्हणजे बाग, ही समजूत अमेरिकाभर घट्टच झाली. ओकमाँटच्या सुशोभनाला 1960च्या दशकात जोर आला: ओक, स्प्रूस, फुलणारी चेरी, रानसफरचंद, जे जे रोपवाटिकेत मिळाले ते ते लागले. तीस वर्षांत मैदानाच्या खोल्या पडल्या. या होलवरून शेजारचा होल दिसेना. आणि गंमत अशी, की 1987मध्ये अमेरिकन सरकारने ओकमाँटला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला तो ही झाडे भरात असताना. गोल्फ मैदानाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे सरकारी कागदावर जे मैदान ऐतिहासिक ठरले, ते दाट झाडीचे ओकमाँट होते.

मग झाडे काढणे योग्य कसे? कारण सालात शोधायचे नसून मैदान चालते कसे यात शोधायचे आहे. ओकमाँटची सगळी प्रतिष्ठा त्याच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर उभी आहे. ती इतकी घसरडी, की 1935च्या अमेरिकन ओपनमध्ये जीन सॅराझेन या खेळाडूचा पट, म्हणजे होलकडे ढकललेला हलका फटका, ग्रीनवरून थेट बंकरमध्ये गडगडत गेलेला पाहून एडवर्ड स्टिंपसन या हौशी खेळाडूने हिरवळीचा वेग मोजायचे साधन बनवले. खाच असलेली एक पट्टी, तिच्यावरून चेंडू सोडायचा, तो किती फूट जातो ते मोजायचे. आज जगभर ‘स्टिंपमीटर’ चालतो त्याचे मूळ हे. असली हिरवळ राखायला ऊन आणि खेळती हवा लागते. इथले गवत पोआ ॲन्युआ, जे इतर कित्येक ठिकाणी तण म्हणून उपटले जाते. ओकमाँटने त्याचा बुटका, दाट वाण पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. झाडांच्या सावलीत ते ओलसर राहून रोगाला बळी पडते, आणि झाडाची मुळे पाणी व खत ओढून घेतात. शोभेची झाडे गवताच्या अक्षरशः मुळावर आली. खेळाचेही तेच झाले. उघड्या मैदानावर खेळाडूला वारा जोखावा लागतो, आणि मागे कसलाच आडोसा नसल्याने अंतराचा अंदाज चुकतो. रांगेतली झाडे हे दोन्ही प्रश्न परस्पर सोडवून टाकतात. फाउन्स बापलेकांनी जे अवघड करायला आयुष्य घातले, ते सुशोभनाने नकळत सोपे केले. चर्च प्यूज उशिरा आला तरी तो याच हेतूला धरून आला. चेरी तशी आली नाही.

रात्री झाडे तोडली म्हटल्यावर मराठी वाचकाला मुंबईचे आरे आठवणारच. ऑक्टोबर 2019मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथे रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे पाडली गेली. उजाडल्यावर उसळलेला संताप रास्त होता. तोच न्याय ओकमाँटला का लावू नये? एक तर तिथली झाडे कुणा जंगलाचा भाग नव्हती. हौसेने लावली आणि खर्चाने काढली. दुसरे, झाड दिसले की पुण्य आणि उघडी जमीन दिसली की पडीक, हा हिशेब आपल्याकडेही महागात पडला आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाच्या माळरानावर वनीकरण म्हणून गिरिपुष्प लावले गेले, आणि ज्या पक्ष्याला मोकळे माळ लागते त्याचाच मुलूख आक्रसला. अर्थात ही तुलना पुढे ताणू नये. ओकमाँट हे नैसर्गिक माळरान नव्हे; ते कातरलेले, खत घातलेले, यंत्रांनी राखलेले मैदान आहे, आणि झाडे काढून तिथे निसर्गावर उपकार झाले असा दावा कुणी केला तर तो हसण्यावारी न्यावा. मुद्दा एवढाच, की केवळ झाड आहे म्हणून ते त्या जागेचे ठरत नाही. लपूनछपून केलेल्या कामाचे समर्थन मात्र याने होत नाही. सभासदांपुढे जुनी छायाचित्रे आधीच ठेवली असती तर निर्णयाला उशीर लागला असता, पण नंतरची कटुता टळली असती.

याहून वजनदार आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे. तो म्हणेल, झाडांची तीस वर्षे हाही इतिहासच. 1973च्या अमेरिकन ओपनमध्ये जॉनी मिलरने शेवटच्या दिवशी 63 फटक्यांची अजरामर फेरी केली ती झाडांमधूनच. 1983 आणि 1994च्या स्पर्धाही झाडांतच झाल्या. एखाद्या जुन्या देवळावरचा मराठा काळातला चुन्याचा थर केवळ यादवकालीन दगड दिसावा म्हणून खरवडावा का, हा आपल्या ओळखीचा वाद आहे आणि त्यात खरवडू नये म्हणणाऱ्यांची बाजू बहुधा बळकट असते. पण देऊळ उभे राहते ते थर असो वा नसो. मैदान ही रोज वाढणारी, रोज कापली जाणारी गोष्ट आहे. तिथे थर जपणे म्हणजे पुढचा थर कोणता वाढू द्यायचा हे ठरवणे. झाडे ठेवली असती तरी ती 1973ची राहिली नसती. ती आणखी उंच झाली असती, सावली आणखी पसरली असती. हात न लावणे हा पर्यायच तिथे उपलब्ध नव्हता.

2023मध्ये गिल हॅन्स या मैदान-रचनाकाराने हाती घेतलेल्या कामातही तेच दिसते. दोन महायुद्धांच्या दरम्यानची हवाई छायाचित्रे समोर ठेवून बंकरांच्या कडा पुन्हा घडवल्या गेल्या, आणि कापणीच्या सवयीने वर्षानुवर्षे आक्रसत गेलेल्या हिरवळी जुन्या काठांपर्यंत पसरवल्या गेल्या. या छायाचित्रांना मी मोठा पुरावा मानतो, पण छायाचित्र उंची सांगत नाही, गवताची जात सांगत नाही, चेंडू कसा उडाला ते तर नाहीच. बाकी ठरवतो तो आजचा माणूस. 1973च्या ओपनला मैदान 6,921 यार्ड होते, 2025च्या ओपनला 7,372. आठवा होल तीन फटक्यांत खेळायचा, आणि तो शेवटच्या दिवशी 301 यार्डांवर लावला होता. शिवाय मैदानाच्या मधोमध पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग जातो. काही होल त्याच्या पलीकडे, जायला पूल. फाउन्सच्या वेळी तिथे रेल्वे होती, महामार्ग नव्हता. कुठलेही छायाचित्र समोर ठेवले तरी तो रस्ता बुजवता येणार नाही. 2025मध्ये जे. जे. स्पॉन पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक फटका कमी घेऊन जिंकला, आणि पारच्या आत राहिलेला तो एकटाच. 1935मध्ये सॅम पार्क्स 299 फटक्यांनी जिंकला, तीनशेच्या आत तोही एकटाच. हॅन्सच्या कामाचा निकाल लावायचा तर छायाचित्राशी ताडून पाहण्यापेक्षा या दोन निकालांतले साम्य पाहावे.

शेवटचा प्रश्न, हे ठरवायचे कुणी? क्लब खासगी आहे. मूठभर श्रीमंतांच्या हिरवळीची चिंता इतरांनी का करावी, असे कुणी विचारले तर त्याला उडवून लावता येत नाही. ऐतिहासिक दर्जा असूनही मालकाच्या पैशाने मालकाच्या जमिनीवर काय करायचे यात सरकारचा हात जवळजवळ पोचत नाही, हे या झाडांनी दाखवून दिले. पण याच खासगी मैदानाचा कित्ता पुढे जुन्या क्लबांनी गिरवला. गोल्फ संघटनेने 2034, 2042 आणि 2049च्या अमेरिकन ओपनही ओकमाँटला देऊ केल्या आहेत. 2049मध्ये हॅन्सचे काम सव्वीस वर्षांचे झालेले असेल, म्हणजे करवत चालू झाली तेव्हा झाडे होती जवळजवळ तेवढ्या वयाचे. त्या वेळच्या समितीला ते बदलावेसे वाटले तर तिच्यापुढेही हेच पुरावे असतील, आणि तिचा अधिकार आजच्या समितीपेक्षा तसूभरही कमी नसेल.