घराला जनरेटर सुरक्षितपणे कसा जोडायचा? चेंजओव्हर स्विच, बॅकफीड आणि बरंच काही, सोप्या भाषेत

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. हजारो विजेचे खांब पडले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतल्या कितीतरी गावांत पुढे अनेक दिवस लाइट नव्हती. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. तेव्हापासून कोकणात अनेकांनी घरी छोटा पोर्टेबल जनरेटर घेऊन ठेवला आहे. फोन चार्ज करायला, फ्रिज चालू ठेवायला, विहिरीचं पाणी टाकीत चढवायला तो लागतोच.

जनरेटर विकत घेणं सोपं आहे. अडचण येते ती घराच्या वायरिंगला जोडताना. ‘दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर बनव, एक टोक जनरेटरला आणि एक टोक घरातल्या सॉकेटला लाव, झालं काम’ असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. घरातले सगळे दिवे लागतातही. पण या जुगाडामुळे माणूस मरू शकतो, आणि तो तुमच्या घरातलाच असेल असं नाही. हे कसं होतं आणि योग्य पद्धत कोणती, ते या लेखात पाहू.

घाईत असाल तर एवढं वाचा

- दोन्ही टोकांना पिन असलेली वायर कधीच वापरू नका.
- घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा असेल तर चेंजओव्हर स्विच हवाच, आणि तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.
- चेंजओव्हर नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड वापरून उपकरणं थेट जनरेटरवर चालवा.
- जनरेटर घराबाहेर, मोकळ्या जागेत, दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब ठेवा. गॅलरी, पडवी, पार्किंग यातलं काहीही चालणार नाही.

बॅकफीड म्हणजे काय?

तुमच्या घरात २३० व्होल्टची वीज येते. ती येते गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे ज्याला आपण ‘डीपी’ म्हणतो त्यातून. (व्हॉट्सॲपचा डीपी नव्हे!) डीपीला वरून ११ हजार व्होल्टची लाइन येते आणि तो ती उतरवून घराघरांत देतो.

ट्रान्सफॉर्मरला मात्र वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे कळत नाही. तो दोन्ही दिशांनी काम करतो. तुम्ही सॉकेटमधून घरात जनरेटरची वीज सोडली आणि मेन स्विच चालूच राहिला, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर खांबावर जाते आणि तिथून डीपीपर्यंत पोचते. डीपी २३० व्होल्टचे पुन्हा हजारो व्होल्ट करून ११ केव्हीच्या लाइनवर चढवू शकतो. याला म्हणतात बॅकफीड.

आता त्याच लाइनवर खांबावर चढलेला महावितरणचा लाइनमन डोळ्यांसमोर आणा. वादळानंतर दोन किलोमीटरवर तुटलेली तार तो जोडतोय. सबस्टेशनमधून लाइन बंद केलेली आहे आणि तसं त्याला कळवलंही आहे. काम करण्याआधी लाइन तपासून ती अर्थ करण्याची पद्धत असते, पण वादळानंतरच्या धावपळीत, पावसात, अंधारात प्रत्येक वेळी सगळं पुस्तकाप्रमाणे होतंच असं नाही. शिवाय तुमचा जनरेटर त्याने तपासल्यानंतर पाच मिनिटांनीही सुरू होऊ शकतो.

‘शेजाऱ्यांचा सगळा लोड आला की जनरेटर आपोआप ट्रिप होईल ना?’ असं बरेच जण विचारतात. बऱ्याचदा होईलही. पण तुमच्या घराजवळच तार तुटलेली असेल, तर तुटक्या तुकड्यावर लोडच नसतो. जनरेटर आरामात चालत राहतो आणि जमिनीवर लोंबणारी तार जिवंत होते. वादळात नेमकं हेच घडतं.

‘मेन स्विच बंद केला की झालं!’ का चालत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मेन बंद केला तर वीज बाहेर कशी जाईल? मेन फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असेल, तर तात्त्विकदृष्ट्या जाणार नाही. तरी यात चार गडबडी आहेत.

१. पिन उघडी असते. जनरेटर चालू असताना सॉकेटमधलं टोक निसटलं, तर हातात जिवंत पिन येते. म्हणून विजेचा एक साधा नियम लक्षात ठेवा: वीज जिथून येते तिकडे नेहमी भोकं, वीज जिथे जाते तिकडे पिन.

२. एमसीबीचं संरक्षण जातं. सॉकेटची वायर त्या एका सॉकेटपुरती जाड असते. तिच्यातून उलटा सगळ्या घराचा करंट गेला तर ती तापते, आणि तिला वाचवायला मध्ये योग्य एमसीबी असेलच असं नाही.

३. लाइट परत येते. मेन चुकून चालू राहिला किंवा कोणी चालू केला, तर महावितरणची वीज आणि जनरेटरची वीज समोरासमोर येतात. दोन्ही ५० हर्ट्झच्या असल्या तरी त्यांच्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या नसतात. जनरेटर जळू शकतो, आगही लागू शकते.

४. सगळी भिस्त आठवणीवर. माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे दोन प्रोग्राम एकाच वेळी एकाच डेटावर लिहायला लागले तर डेटाची वाट लागते. म्हणून ‘दोघांनी एकाच वेळी लिहू नका’ अशी सूचना लिहून आम्ही थांबत नाही, तिथे लॉक लावतो. एकाकडे लॉक असेपर्यंत दुसऱ्याला आत येताच येत नाही. घरातही तसंच हवं. आमच्या गावच्या घरी जनरेटर माझी आई चालवते, मी पुण्यात असतो. रात्री दोन वाजता, पावसात, टॉर्चच्या उजेडात तिला ‘आधी मेन बंद, मग हे, मग ते’ ही यादी आठवावी लागेल अशी व्यवस्था मला नको होती. यादी विसरली तरी चूक करताच येऊ नये, अशी हवी होती.

हे काम करतो चेंजओव्हर स्विच.

चेंजओव्हर स्विच कसा काम करतो?

या स्विचला एक हँडल आणि तीन जागा असतात: एका बाजूला मेन, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. आतली रचना अशी असते की घर एका वेळी एकाच बाजूला जोडलं जातं. दोन्ही बाजू एकत्र जोडणं यंत्राच्या दृष्टीनेच अशक्य असतं. हेच आपलं लॉक.

घेताना या गोष्टी बघा:

- पोल: सिंगल फेज घरासाठी डबल पोल, थ्री फेजसाठी फोर पोल. म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलला जातो. फक्त फेज तोडला तर तुमच्या घराचा न्यूट्रल बाहेरच्या लाइनला जोडलेलाच राहतो, आणि आरसीसीबी विनाकारण ट्रिप होण्याचा त्रासही होतो.
- अँपिअर: स्विच तुमच्या मेनच्या क्षमतेइतका किंवा त्याहून जास्त हवा. साध्या सिंगल फेज घरात ३२, ४० किंवा ६३ अँपिअरचे स्विच दिसतात.
- मॅन्युअल की ऑटोमॅटिक: पोर्टेबल जनरेटरला हाताने फिरवायचा स्विच पुरेसा आहे. स्वतः सुरू होणारा मोठा जनरेटर असेल तरच ऑटोमॅटिकचा विचार करा.
- इंडिकेटर: मेनच्या बाजूला एक छोटा दिवा बसवून घ्या. जनरेटर चालू असतानाही बाहेरची लाइट आली की नाही ते लगेच कळतं.

इलेक्ट्रिशियनला दोन प्रश्न आवर्जून विचारा. पहिला: जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला आहे का? बऱ्याच पोर्टेबल जनरेटरमध्ये तो अर्थला जोडलेला नसतो. अशा वेळी घरातला आरसीसीबी शॉक लागल्यावर ट्रिप होईलच याची खात्री नसते. दुसरा: जनरेटरची वायर घराला कुठे लागणार? बाहेरच्या भिंतीवर झाकण असलेला इनलेट बसवून घ्या. त्यात पिन भिंतीवर आणि भोकं वायरच्या टोकाला असतात, म्हणजे वरचा नियम पाळला जातो.

हे काम यूट्यूब बघून स्वतः करू नका. बल्ब किंवा स्विच बदलणं वेगळं. मेन लाइनच्या कामासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर लागतो. मीही इंजिनिअर आहे, तरी माझ्या घरचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घेतलं.

किती लोड चालेल?

अंदाजे आकडे असे:

- साधा पंखा: ७५ वॉट (बीएलडीसी असेल तर ३० ते ३५)
- एलईडी बल्ब: १० वॉट
- वायफाय राउटर: १० ते १५ वॉट
- फोनचा चार्जर: २० वॉट (फास्ट चार्जर असेल तर जास्त)
- टीव्ही: १०० वॉट
- फ्रिज: १५० ते २०० वॉट, पण सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट
- १ एचपीचा पंप: सुमारे १००० वॉट, सुरू होताना ३००० किंवा त्याहूनही जास्त

समजा तीन पंखे, पाच बल्ब, राउटर, टीव्ही, चार फोन आणि फ्रिज चालवायचा आहे. बेरीज होते सुमारे ६७० वॉट. फ्रिज सुरू होतानाचे ६०० वॉट वर धरा, म्हणजे १२७० झाले. जनरेटरच्या पाटीवर वॉटचा आकडा नसून फक्त केव्हीए असेल, तर सावध हिशोबासाठी ०.८ ने गुणा. २ केव्हीए म्हणजे १६०० वॉट. वरचा लोड त्यात बसतो. पंप मात्र बसत नाही.

म्हणूनच सगळं घर जोडण्यापेक्षा गरजेच्या वस्तूंची वेगळी लाइन काढून तेवढीच चेंजओव्हरवर घेणं चांगलं. गीझर आणि एसीची गरजच पडत नाही, जनरेटरही छोटा लागतो.

चालू आणि बंद करण्याचा क्रम

चालू करताना:
१. चेंजओव्हर मध्ये, म्हणजे बंदवर आणा. घरातले एमसीबी बंद करा.
२. वायर जोडा, मग जनरेटर सुरू करा. दोन-तीन मिनिटं रिकामा चालू द्या.
३. चेंजओव्हर जनरेटरच्या बाजूला फिरवा.
४. एमसीबी एकेक करून चालू करा. फ्रिजसारखा मोटरचा लोड आधी, बाकीचे नंतर.

बंद करताना याच्या उलट: एमसीबी बंद, चेंजओव्हर मध्ये, जनरेटर थोडा वेळ रिकामा चालवून बंद, आणि मग चेंजओव्हर मेनवर. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, पूर्ण थंड झाल्यावरच.

हा क्रम उपकरणं सांभाळण्यासाठी आहे. यातली एखादी पायरी चुकली तरी खांबावरचा माणूस सुरक्षित राहतो, कारण त्याची काळजी चेंजओव्हर घेतो.

धूर: न दिसणारा धोका

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं, आणि झोपेत असलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. पावसात भिजू नये म्हणून जनरेटर पडवीत घेण्याचा मोह होतो. तो टाळा. खिडक्या उघड्या ठेवणं पुरेसं नाही. पावसासाठी बाहेरच चारी बाजूंनी मोकळं छप्पर करा.

फोनवर विसंबू नका: फोनमध्ये हा वायू ओळखणारा सेन्सर नसतो. स्मार्टवॉचवर ऑक्सिजन ९८ टक्के दिसत असला तरी खरं मानू नका, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही या सेन्सरला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं. घरात वेगळा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर लावा. कोणाला त्रास झाला तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

नेहमीचे प्रश्न

चेंजओव्हर नाही आणि लाइट आजच गेली आहे, काय करू?
जाड वायरचा, तीन पिनचा एक्स्टेन्शन बोर्ड थेट जनरेटरला लावा आणि फ्रिज, चार्जर त्यावर चालवा. वायर गुंडाळलेली ठेवू नका, तापते. घराच्या सॉकेटला काहीही जोडू नका.

जनरेटरवर फोन चार्ज केला तर खराब होईल का?
चांगल्या कंपनीचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे सहसा नाही. पण मोठा लोड अचानक बंद झाला की स्वस्त जनरेटरचा व्होल्टेज उसळू शकतो. सोपा उपाय म्हणजे जनरेटरवर पॉवर बँक भरा आणि तिच्यावरून फोन.

छतावर सोलर आहे, त्याचं काय?
बॅटरी नसलेला सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतः बंद होतो, तेही लाइनमनच्या सुरक्षेसाठीच. जनरेटरची वीज त्याच्यापर्यंत पोचली तर लाइट आली असं समजून तो पुन्हा सुरू होऊ शकतो आणि जनरेटरमध्येच वीज ढकलू लागतो. म्हणून सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या मेन बाजूला हवी.

शेजारी पिनवाली वायर वापरत असेल तर?
आधी त्याच्याशी बोला, हा लेख पाठवा. ऐकलं नाही तर १९१२ वर किंवा गावच्या लाइनमनला सरळ कळवा. आपण चुगली करतोय असं वाटू देऊ नका, कारण त्या खांबावर तोच लाइनमन चढणार आहे.

पावसाळ्याआधी चेंजओव्हर बसवून घ्या आणि ऊन असताना एकदा सगळा क्रम करून पाहा. घरात जनरेटर जो चालवणार आहे, त्याच्याच हातून.