ॲबट, ईडिथ

(२६ सप्टेंबर १८७६ – २८ जुलै १९५७). अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, समाजसंशोधक आणि समाजकार्याच्या विद्यापीठीय शिक्षणाच्या एक आद्य प्रवर्तक. जन्म नेब्रॅस्का संस्थानातील ग्रँड आयलंड या गावी. वडील ऑथमन ॲबट हे वकील व त्या संस्थानाचे पहिले नायब राज्यपाल. आई एलिझाबेथ या क्वेकर घराण्यातल्या, गुलामगिरीच्या उच्चाटनाचा व स्त्रीमताधिकाराचा कैवार घेणाऱ्या. १८९३ मध्ये ओमाहाच्या ब्राउनेल हॉल विद्यालयातील शिक्षण संपले, तेव्हा अवर्षण आणि मंदी यांनी घरची स्थिती ओढगस्तीची झाली होती. म्हणून कॉलेजाचा विचार तहकूब ठेवून ईडिथबाईंनी गावच्याच हायस्कुलात शिक्षिकेची नोकरी धरली आणि नेब्रॅस्का विद्यापीठाची पदवी त्यांच्या पदरात पडली ती १९०१ साली. १९०५ मध्ये अकुशल मजुरांच्या वेतनावरील प्रबंधाबद्दल शिकागो विद्यापीठाने त्यांना अर्थशास्त्रातील पीएच्. डी. दिली.

पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांना सिडनी व बिॲट्रिस वेब या दांपत्याचा सहवास लाभला. बिॲट्रिस वेब त्या वेळी इंग्लंडच्या दारिद्र्यविषयक कायद्यांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या सभासद होत्या. आणि दारिद्र्याचे मूळ दरिद्री माणसाच्या स्वभावात न शोधता रोजगार, घरे व कायदे यांच्या व्यवस्थेत शोधले पाहिजे, हा जो विचार वेब दांपत्य हिरिरीने मांडीत होते, तो ईडिथबाईंच्या मनात कायमचा ठसला. मायदेशी परतल्यावर वेलस्ली कॉलेजातील अध्यापकी त्यांनी वर्षभरच केली. १९०८ मध्ये समाजसंशोधक सोफोनिस्बा ब्रेकिन्रिज यांच्या निमंत्रणावरून त्या शिकागोला गेल्या, धाकटी बहीण ग्रेस हिच्यासह समाजसुधारक जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या वस्तीकेंद्रात राहू लागल्या आणि शिकागोतील नागरिकशास्त्र व लोकोपकार यांच्या विद्यालयात संशोधनाचे काम पाहू लागल्या.

त्यांच्या पुढील सर्व कर्तृत्वाची घडण या विद्यालयात झाली. येथे त्यांनी विद्यार्थ्यांना प्रथम व्याख्यान न देता वस्तीत पाठविले. स्थलांतरित मजुरांच्या चाळींतून घरोघर जाऊन त्यांनी खोलीची लांबी, रुंदी व उंची मोजावी, खिडकी आहे की नाही हे पाहावे, रात्री तेथे किती माणसे निजतात हे विचारावे आणि सारे तक्त्यात भरून आणावे, असा परिपाठ होता. प्रौढ माणसामागे ४०० घनफूट व बारा वर्षांखालील मुलामागे २०० घनफूट हवा हवी, असा शहराचा कायदा सांगत होता. पण कायदा कागदावर कसा राहतो, हे विद्यार्थ्याला त्याच्याच हाताने केलेल्या गुणाकारातून कळत असे, आणि कोणत्याही वक्तृत्वापेक्षा हा धडा अधिक परिणामकारक होता, यात शंका नाही. या पाहण्यांचे फलित ‘द टेनेमेंट्स ऑफ शिकागो’ या नावाने ग्रंथरूपात आले ते १९३६ मध्ये, म्हणजे सुमारे पाव शतकाच्या चिकाटीनंतर. तत्पूर्वी १९१२ मध्ये ब्रेकिन्रिज यांच्यासह लिहिलेल्या ‘द डेलिंक्वंट चाइल्ड अँड द होम’ या ग्रंथात त्यांनी शिकागोच्या बालन्यायालयाचे दप्तर तपासले व मुलाच्या अपराधाबरोबरच त्याच्या बापाची मजुरी, आईचे कष्ट आणि घराची अवस्था यांचीही नोंद घेतली. ‘विमेन इन इंडस्ट्री’ (१९१०) हा त्यांचा आरंभीचा ग्रंथही दखलपात्र आहे.

१९२० मध्ये हे विद्यालय शिकागो विद्यापीठात विलीन झाले व १९२४ मध्ये ईडिथबाई त्याच्या अधिष्ठाता झाल्या. अमेरिकेत पदव्युत्तर विद्याशाखेचे हे पद प्रथमच एका स्त्रीकडे आले. समाजसेवकाला धर्मादाय संस्थेच्या कचेरीत उमेदवारी करून जे येते तेवढे पुरे, असे मानणाऱ्यांचा पक्ष तेव्हा प्रबळ होता. ईडिथबाईंचे म्हणणे असे की, वैद्य व वकील यांच्याप्रमाणे समाजसेवकाचे शिक्षणही विद्यापीठातच व्हावे आणि त्यात कायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व राज्यकारभार यांचा पाया भक्कम असावा. त्यासाठी त्यांनी पाठ्यपुस्तकांऐवजी साधनसंग्रह सिद्ध केले. ‘इमिग्रेशन’ (१९२४) या संग्रहात कायद्यांची कलमे, न्यायालयांचे निवाडे व कुटुंबांच्या हकिकती एकापुढे एक मांडल्या असून भाष्य अत्यल्प आहे. हे वाचन रुक्ष खरे. पण मत बनविण्यापूर्वी पुरावा तोलावा, ही शिस्त त्यातून विद्यार्थ्याच्या अंगी बाणत असे. १९२७ मध्ये त्यांनी ब्रेकिन्रिज यांच्यासह ‘सोशल सर्व्हिस रिव्ह्यू’ हे त्रैमासिक सुरू केले. परदेशांतून आलेल्या लोकांमुळे गुन्हेगारी वाढते, हा रूढ समज त्यांनी कायद्याच्या अंमलबजावणीची चौकशी करणाऱ्या विकरशॅम आयोगासाठी १९३१ मध्ये लिहिलेल्या वृत्तांतात आकड्यांनिशी खोडून काढला.

याच सुमारास अनेक समाजकार्य विद्यालयांत मनोविश्लेषणाचे वारे वाहू लागले होते. ईडिथबाईंनी त्याला फारसा थारा दिला नाही. व्यक्तीच्या अंतर्मनातील यातनांकडे त्यांनी पुरेसे लक्ष पुरविले नाही, हा आक्षेप म्हणूनच सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि १९२९ नंतरच्या महामंदीत लक्षावधी लोक बेकार झाले, १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला आणि गावोगावच्या मदतखात्यांना नियम, हिशेब व हक्क जाणणारी माणसे हवी झाली, तेव्हा अशी माणसे घडविण्याची तजवीज शिकागोत आधीच झालेली होती. ग्रेस ॲबट १९२१ ते १९३४ पर्यंत सरकारच्या बालकल्याण खात्याच्या प्रमुख होत्या, त्यामुळे संशोधन व अंमलबजावणी यांची सांगड एकाच घरात पडली. १९३९ मध्ये ग्रेस निवर्तल्या. ईडिथबाई १९४२ मध्ये अधिष्ठातापदावरून निवृत्त झाल्या, तरी त्रैमासिकाचे संपादन त्यांनी त्यानंतरही केले. ग्रँड आयलंड येथेच त्यांचे निधन झाले.

शिकागोतल्यासारखा प्रयत्न भारतातही झाला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी मुंबईत नागपाड्याला हल हाउसच्या धर्तीवर वस्तीकेंद्र चालविले, आणि त्यांच्याच संचालकत्वाखाली १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय तेथे सुरू झाले. मॅन्शर्ट यांचे उच्च शिक्षण शिकागो विद्यापीठात झालेले होते. वर्गातील अध्ययनाला वस्तीतील कामाची जोड देण्याची पद्धत या विद्यालयानेही पत्करली. १९४४ मध्ये त्यास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले.