हातातून सुटलेले विमान : एका छंदाचा इतिहास

मराठीचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांनी रेडिओ-नियंत्रित विमानांविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. निमित्त एका विद्यार्थ्याचे झाले. एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये मॉडेल विमाने बांधता बांधता हा मुलगा त्या छंदात पुरता गुंतला. साठवलेल्या पैशांतून घेतलेले एक हेलिकॉप्टर घेऊन तो मैदानावर आला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत त्याने ते जमिनीवर आपटले. "आधी विमान शिक, हेलिकॉप्टर नंतर," एवढेच त्याला जाणत्यांनी ऐकवले; का, ते कोणी सांगितले नाही. आम्ही त्या 'का'च्या मागे लागलो. उत्तर आम्हांला इतिहासात सापडले. नवशिक्याला सांगितला जाणारा क्रम हा या छंदाच्या जन्मकथेचाच क्रम आहे.

ही कथा रेडिओच्या आधी सुरू होते. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबराच्या बळावर चालणारे, जेमतेम अर्धा मीटर लांबीचे एक विमान उडवून दाखवले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. अंतर क्षुल्लक आहे; महत्त्व आहे ते विमानाने वाटेत तोल न गमावण्याला. एकदा हातातून सुटल्यावर त्याला सांभाळणारे कोणी नव्हते, म्हणून स्वतःला सांभाळण्याची सोय त्याच्या अंगातच करावी लागली. शेपटीचा किंचित कललेला पृष्ठभाग नाक वर गेले की खाली आणी, खाली गेले की वर आणी. पुढे माणसाला वाहून नेणारे विमान बांधण्यासाठी पेनोला पाठबळ मिळाले नाही आणि १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्यापूर्वीच, १८७८ मध्ये, अमेरिकेत मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांसाठी एक उडते खेळणे घरी आणले होते. ते पेनोच्याच रबरी हेलिकॉप्टरच्या धर्तीचे होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल. 'खेळणे' हा शब्द आपण फार सहजपणे तुच्छतेने वापरतो, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे.

१९३०च्या दशकात छोटी पेट्रोल इंजिने मिळू लागली आणि एक नवेच संकट उभे राहिले. महिनोन्महिने खपून बांधलेले विमान उंच चढे, वाऱ्याला लागे आणि दिसेनासे होई. छांदिष्ट मंडळी पंखावर नाव-पत्ता चिकटवून ठेवीत आणि कोण्या शेतकऱ्याच्या पत्राची वाट पाहत. रेडिओची गरज या ठिकाणी निर्माण झाली. यंत्रावर हुकमत गाजवण्याच्या हौसेपेक्षा सोडून दिलेले परत मिळावे ही तळमळ तिच्या मुळाशी अधिक असावी, असे आमचे मत आहे.

निकोला टेस्ला यांनी १८९८ सालीच न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी नाव दाखवली होती. परंतु नावेला पाणी तोलून धरते. आकाशात तसा आधार नाही. मिशिगनमधील कॅलमझू येथील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये 'गफ' नावाचे, सुमारे ८ फूट पंखांचे विमान रेडिओच्या साह्याने उडवले. पुढच्याच वर्षी त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्या काळच्या रेडिओला फारसे बोलता येत नसे. संदेश 'आहे' किंवा 'नाही', एवढीच त्याची भाषा. पुढे रूढ झालेल्या साध्या यंत्रणेत एकदा कळ दाबली की रबराच्या पिळावर चालणारी खुंटी एक घर पुढे सरके आणि सुकाणू डावीकडे वळे. कळ सोडली की मधोमध येई. पुन्हा दाबली की उजवीकडे. म्हणजे विमान बव्हंशी स्वतःच उडे, माणूस केवळ सुचवणी करी. आजही नवशिक्यासाठी जे विमान सुचवतात, ते वरच्या अंगाला पंख असलेले आणि ते पंख टोकांकडे उचललेले असे असते. ते फार तिरके झालेले नसेल आणि पुरेशा उंचीवर असेल, तर हात काढून घेतल्यावर ते बहुधा आपणहून सरळ होते. हा पेनोचाच वारसा होय. काठीच्या हालचालीइतकेच सुकाणू वळवणारे प्रमाणशीर नियंत्रण १९६०च्या दशकात रुळले, तरी शिकाऊ विमानाचा हा स्वभाव बदलला नाही.

विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटते, ही नवशिक्याची खरी परीक्षा. जाणते सांगतात : ज्या बाजूचा पंख खाली गेलेला दिसतो, त्या बाजूला काठी न्यावी, जणू पंखाला टेकू द्यावा. आम्हीही एकदा रिमोट हाती घेतला होता. हे वाक्य आम्हांला पाठ होते. विमान मात्र बाभळीत गेले.

मध्येच या कथेला एक काळी बाजू आहे. रेजिनाल्ड डेनी हा ब्रिटिश नट १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये मॉडेल विमानांचे दुकान चालवी. तोफखान्याला नेमबाजीच्या सरावासाठी रेडिओ-नियंत्रित लक्ष्ये लागतील, हे त्याने ओळखले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या 'रेडिओप्लेन' कंपनीने अशी सुमारे १५,००० विमाने पुरवली. विमान परत यावे म्हणून शोधलेली विद्या पाडून टाकण्याच्या विमानांसाठी कामी आली. (याच कारखान्यात १९४५ मध्ये लष्करी छायाचित्रकाराने टिपलेली नोर्मा जीन नावाची कामगार पुढे मेरिलिन मन्रो झाली, हे जाता जाता.) 'ड्रोन' हा शब्दही अशाच लक्ष्य-विमानांवरून रूढ झाला. २०२१ साली भारतात ड्रोन नियमावली आली, तेव्हा तिच्या कक्षेत हौशी मॉडेल विमानेही आली. लेकराच्या नावावर आईची नोंद व्हावी, तसे झाले.

आता हेलिकॉप्टर. माणसाला घेऊन उडणारी हेलिकॉप्टरे १९४०च्या आसपास ताब्यात आली. रेडिओवरचे मॉडेल मात्र १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हुलकावण्या देत राहिले. यंत्र लहान झाले की त्याच्या हालचाली शीघ्र होतात, आणि जमिनीवर उभ्या माणसाला आतल्या वैमानिकासारखा कल अंगाला जाणवत नाही. शिवाय हेलिकॉप्टरला स्थिरतेचा उपजत गुण नाही. वर उचलावे तर शेपूट फिरते, शेपूट आवरावी तर यंत्र बाजूला घसरते, आणि हात काढला तर काहीही सावरत नाही. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी मुख्य पात्यांना काटकोनात, टोकांशी छोट्या फळ्या असलेला दांडा वापरून रोटरची घाई मंदावली, आणि १९७०च्या सुमारास हेलिकॉप्टर हौशी माणसाच्या आवाक्यात आले. म्हणजे 'गफ'नंतर सुमारे तीन दशके. आमच्या विद्यार्थ्याने ती एका दुपारी ओलांडू पाहिली होती! आता इलेक्ट्रॉनिक जायरो बरेचसे सावरून घेतात आणि सिम्युलेटरवर फुकट आपटता येते. पण तो क्रम शिकवणाऱ्यांच्या तोंडी अजून आहे.

शेवटी मेनार्ड हिल यांच्याविषयी. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांनी बांधलेले, इंधनासह ५ किलोंहून कमी वजनाचे विमान न्यूफाउंडलंडहून निघाले आणि सुमारे ३९ तासांनी, ३,००० किलोमीटरचा अटलांटिक ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. समुद्रावर ते उपग्रहांच्या आधाराने स्वतःच वाट काढत होते; किनारा आल्यावर तेथे थांबलेल्या सहकाऱ्याने ते रेडिओने उतरवून घेतले. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. विमान हातातून सुटून चार-पाच पावले गेले, की त्यांना ते दिसत नसावे.