परिपाकावस्था (समस्यानिरसनातील)

एखाद्या अवघड प्रश्नावर मनःपूर्वक व दीर्घकाळ परिश्रम करूनही उत्तर हाती येत नाही, अशा वेळी तो प्रश्न बुद्ध्याच किंवा परिस्थितीच्या ओघात काही काळ तहकूब राहिला, तर पुढे त्याची उकल पुष्कळदा सुलभपणे आणि क्वचित अकस्मात होते. परिश्रम व उकल यांच्या मधल्या, प्रश्नाकडे प्रत्यक्ष अवधान नसलेल्या या कालखंडास परिपाकावस्था म्हणतात. परिश्रमाच्या पूर्वीच घेतलेली सवड या संज्ञेत बसत नाही. ज्याने प्रश्नाशी झुंज दिलेली नाही, त्याच्या मनात परिपक्व होण्याजोगे काही साठलेलेच नसते.

या अवस्थेस शास्त्रीय विवेचनात स्वतंत्र स्थान मिळाले ते ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताच्या १९२६ च्या ग्रंथामुळे. त्याने नवनिर्मितीच्या विचारप्रक्रियेचे पूर्वतयारी, परिपाक, साक्षात्कार आणि पडताळा असे चार टप्पे कल्पिले. त्याच्यापूर्वी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या समारंभात, १८९१ मध्ये, असे सांगितले होते की आपल्या उत्तम कल्पना टेबलाशी बसून सुचल्या नाहीत, तर उन्हाच्या दिवशी वनाच्छादित टेकड्या सावकाश चढताना सुचल्या. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे याने १९०८ मध्ये दिलेली हकीकत अधिक तपशीलवार आहे. फुक्सीय फलनांवर बरेच दिवस डोके शिणविल्यानंतर तो भूशास्त्रीय सहलीस निघाला, प्रवासाच्या गडबडीत गणित पार विसरला, आणि कूतांस या गावी बसगाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी त्याला कळून चुकले की आपण वापरलेली रूपांतरणे अयूक्लिडीय भूमितीतील रूपांतरणांशी एकरूप आहेत. पडताळा मात्र त्याने घरी परतल्यावर सवडीने घेतला.

मराठी वाचकास या विषयाचे सर्वांत उद्बोधक उदाहरण लोकमान्य टिळकांच्या ग्रंथरचनेत सापडते. आणि ते केवळ क्षणिक स्फुरणाचे नसून दशकांच्या परिपाकाचे असल्यामुळे परदेशी गणितज्ञांच्या आठवणींहून, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक मोलाचे आहे. १८७२ मध्ये वडिलांच्या अखेरच्या आजारात गीतेवरील प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळ गंगाधराकडे आले, आणि तेथेच त्याच्या मनात गीतेविषयी जिज्ञासा रुजली. पुढे संस्कृत भाष्ये व टीका वाचून झाल्यावर जी शंका त्यास छळू लागली ती अशी, की युद्धविमुख अर्जुनास युद्धास प्रवृत्त करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात भाष्यकारांना मुख्यतः संन्यास किंवा भक्ती कशी दिसावी? टीका वाचता वाचता ही शंका सुटेना. तेव्हा त्यांनी सर्व भाष्ये व टीका बाजूला ठेवल्या आणि केवळ मूळ गीतेचीच स्वतंत्रपणे अनेक पारायणे केली. टीकाकारांच्या पकडीतून सुटल्यावर त्यांना गीता निवृत्तिपर न दिसता कर्मयोगपर दिसू लागली. येथे दूर सारला गेला तो प्रश्न नव्हे. प्रश्नावर बसलेला पूर्वीच्या उत्तरांचा थर तेवढा दूर सारला गेला, आणि परिपाकाच्या कार्याचे मर्म बहुतांशी यातच आहे.

मधल्या काळात न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), केसरी (१८८१), कायद्याचे वर्ग, राजकीय चळवळी व खटले यांनी त्यांचा दिवस भरून गेला होता. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाल्यानंतर, १९१०-११ च्या हिवाळ्यात, त्यांनी गीतारहस्याचा खर्डा शिसपेन्सिलीने लिहून काढला. एवढा विस्तृत ग्रंथ काही महिन्यांत उतरला, याचे कारण तुरुंगातील सक्तीच्या एकांतात शोधले जाते. परंतु एकांताने लिहिण्यास अवकाश दिला, विचार त्याच्या फार पूर्वीच पक्व झालेला होता. १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा मूळ शंकेला अनेक दशके लोटली होती. टिळकांच्या 'ओरायन' (१८९३) या ग्रंथाचा उगमही असाच तिरकस वाटेने झाला. वेदकालनिर्णयासाठी म्हणून नव्हे, तर सहज गीता वाचत असता, श्रीकृष्णाने महिन्यांमध्ये मार्गशीर्षास दिलेल्या अग्रमानापाशी ते अडखळले, आणि त्यावरून वसंतसंपात मृगशीर्षात असण्याच्या काळापर्यंत त्यांची अनुमानपरंपरा पोहोचली.

प्रश्न सोडून दिल्याने तो का सुटावा, याविषयी दोन प्रमुख उपपत्ती आहेत. पहिलीप्रमाणे अबोध मन त्या प्रश्नावर काम चालूच ठेवते. प्वांकारेचा कल इकडे होता. दुसरीप्रमाणे मन गुप्तपणे काही करीत नाही, परंतु चुकीच्या दिशेची घट्ट पकड काळाबरोबर सैल होते. दुसऱ्या उपपत्तीचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. अब्राहम लचिन्स याने १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २१, १२७ व ३ मापांच्या भांड्यांनी १०० मापे पाणी मोजायचे होते: १२७ तून २१ एकदा व ३ दोनदा वजा करावयाचे. अशी काही उदाहरणे सोडविल्यावर २३, ४९ व ३ मापांनी २० मोजायला दिले असता बहुतेकांनी तोच लांबचा मार्ग धरला. २३ तून ३ वजा केले की काम भागते, हे त्यांच्या दृष्टीस पडेना. पूर्वीच्या यशानेच दृष्टी आखडली होती.

शब्द अगदी जिभेवर असून आठवत नाही, हा याच जातीचा अनुभव. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु मंडळासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या प्रदेशात तो अभ्यासण्यास उत्तम क्षेत्र आहे. कारण १९५६ पर्यंत किनवट व राजुरा या मराठी मुलखाला पोटात घेणाऱ्या या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडी यांचा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि घरी मराठी बोलून शाळेत तेलुगूत शिकणाऱ्या मुलास एका वस्तूची दोन-तीन नावे सांभाळावी लागतात. द्विभाषिकांना हा अडथळा एकभाषिकांपेक्षा अधिक वेळा येतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. अशा वेळी भलताच शब्द पुनःपुन्हा पुढे येतो, आणि जितका जोर करावा तितका तोच घट्ट बसतो. बोलणे दुसरीकडे वळले की थोड्या वेळाने हवा तो शब्द आपोआप येतो. शिक्षकाने 'आठव, आठव' म्हणून धोशा लावण्यापेक्षा पुढच्या मुलाकडे वळून मग परत येणे, हे या दृष्टीने मुलावर उपकारच करणे आहे.

सियो व ऑर्मरॉड यांनी २००९ मध्ये ११७ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात परिपाकाचा लाभ एकूण खरा ठरला. पूर्वतयारी जितकी दीर्घ तितका लाभ अधिक, असे त्यात दिसले, आणि शाब्दिक कोड्यांच्या बाबतीत मध्यंतरी हलके काम केल्यास जड कामापेक्षा अधिक फायदा झाला. झोपेविषयी २००४ मधील एका जर्मन प्रयोगात, अंकांच्या कोड्यात दडलेला सोपा नियम रात्रभर झोपलेल्यांपैकी ज्यांना उमगला त्यांचे प्रमाण जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. तरीही प्रत्येक प्रयोगात लाभ दिसतोच असे नाही. ज्याची अडचण आवश्यक माहितीच्या अभावाची आहे, त्यास कितीही काळ दूर राहून उपयोग नाही. जमाखर्चातील हरवलेली पावती फिरायला गेल्याने सापडत नाही.

साक्षात्काराबरोबर येणारी निश्चिती हे सत्याचे प्रमाण नव्हे, हे प्वांकारेने स्वतः नमूद केले आहे. अर्धवट झोपेत सुचलेल्या कल्पनांनी त्याला अनेकदा फसविले होते. टिळकांच्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज्' या ग्रंथाचा पहिला खर्डा १८९८ च्या अखेरीस झाला, तरी तो त्यांनी लगोलग छापला नाही. विषयाच्या शाखा इतर अनेक शास्त्रांत पसरल्या असल्याने त्यांनी प्रकाशन लांबणीवर टाकले, आणि ग्रंथ १९०३ मध्ये बाहेर पडला. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचा त्यातील सिद्धांत पुढील संशोधकांनी मान्य केला नाही, आणि परिपाकास पुरेसा वेळ मिळूनही पडताळ्याचे काम तेवढेच जड राहते, याचे ते उदाहरण म्हणून या नोंदीत गीतारहस्याच्या जोडीने ठेवणे इष्ट आहे.