बहुवारिकांचे धातुत्व

एखाद्या पदार्थास ‘धातू’ ही संज्ञा केव्हा द्यावी, हा प्रश्न वरकरणी वैयाकरणाचा वाटतो. परंतु विद्युत्‌संवाहक बहुवारिकांच्या इतिहासात तो प्रयोगशाळेतही सहजासहजी सुटला नाही.

प्रथम दृष्टीस पडली ती चकाकी. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट अधिक पडला आणि काळ्या भुकटीऐवजी पॉलिॲसिटिलीनचा पापुद्रा हाती आला. पुढे त्याचे चांदीसारखे रूप पाहूनच ॲलन मॅकडायरमिड यांनी शिराकावांना अमेरिकेत पाचारण केले. वस्तुतः ती चांदी नुसती दिखाऊ होती. वीज तीतून जेमतेम वाही. २३ नोव्हेंबर १९७६ रोजी पेनसिल्व्हेनियात तिला ब्रोमीनची वाफ देताच संवाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. तथापि, या शोधाचा आरंभ तेथेच झाला असे मानणे न्याय्य नव्हे. आयोडीनयुक्त पॉलिपायरोल वीज वाहून नेते, हे डी. ई. वाईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात १९६३ मध्येच प्रसिद्ध केले होते. २००० सालचे नोबेल पारितोषिक मात्र मॅकडायरमिड, शिराकावा व ॲलन हीगर यांस मिळाले.

हा पालट घडतो कसा? पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत कार्बनचे बंध आळीपाळीने एकेरी व दुहेरी असतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत दरी पडते आणि पदार्थ दुर्वाहक राहतो. ब्रोमीन साखळीतील इलेक्ट्रॉन काढून घेते. येथे एक कोडे उद्भवले. ब्रोमीन अथवा आयोडीन अल्प असताना प्रवाह वाढे, परंतु मोकळ्या इलेक्ट्रॉनांची चुंबकीय खूण मिळेना. १९७९ साली सू, श्रीफर व हीगर यांनी खुलासा केला: बंधांचा क्रम जेथे उलटतो तो सांधाच विद्युत्‌भार घेऊन सरकतो, आणि त्यास फिरकी नसते. मिश्रण पुरेसे वाढले म्हणजे मात्र धातूंस साजेशी चुंबकीय वर्तणूक प्रकट होते.

एवढ्यानेही संज्ञा सिद्ध झाली नाही. थंड होताना धातूचा विद्युत्‌रोध घटतो. या बहुवारिकांचा बहुधा वाढे, कारण अव्यवस्थित साखळ्यांमधून भारास उड्या घेत जावे लागे. खोलीच्या तापमानापासून सुमारे ५ केल्विनपर्यंत रोध सलग घटत गेल्याचे वृत्त २००६ मध्ये आले, आणि तेही पॉलिॲनिलीनविषयी. लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी १८६२ साली विजेच्या साहाय्याने ॲनिलीनपासून जो गडद निळा थर मिळविला होता, तो याच कुळातला.